वऱ्हाडातून विलायतेच्या बोटीपर्यंत

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या बीबीसारख्या वऱ्हाडी गावातून एखाद्यास विलायतेस जावयाचे झाल्यास, १९०० साली गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग खुला झाल्यानंतर, निजामाच्या अमलातील जालना स्थानक गाठून मनमाडमार्गे मुंबईस पोहोचणे त्यास शक्य झाले. परंतु प्रवासाचे सुखदुःख ठरे ते मुंबईच्या कचेरीत. टॉमस कुक कंपनीने १८८१ साली या शहरात आपले दप्तर उघडले, आणि तिकिटे, सामान, हुंडणावळ यांची तजवीज एका हाती आली. बोटीचा नकाशा टेबलावर पसरून जाणता सल्लागार सांगे की, तांबड्या समुद्रातून उत्तरेकडे जाताना दुपारचे ऊन डाव्या अंगास येते, म्हणून खोली उजवीकडची घ्यावी. आणि अरबी समुद्र खवळण्यापूर्वी, म्हणजे मृगाच्या आधीच, प्रस्थान ठेवावे. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवरील पहिल्या वर्गाचे वैभव, भोजनगृहे आणि प्रशस्त डेक, पैशाने लाभे; स्वास्थ्य मात्र अशा अनुभवी सल्ल्यानेच लाभे. आजही सागरी सफर निवडताना भपक्यापेक्षा ऋतू, मार्ग आणि खोलीची जागा यांचाच विचार प्रथम व्हावा, आणि तो जाणकाराला विचारूनच व्हावा, असे माझे निश्चित मत आहे.