सरहद्दीवरचें सोलापूर आणि वाटसरूचें अभय

कोणत्याहि शहराची पारख करावयाची असेल तर तेथील राजवाडे व देवळें पाहण्यापूर्वीं परक्या माणसानें तेथें रात्र कशी काढली तें विचारावें, असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. राजाची कीर्ति शिलालेखांवरून कळते. त्याचा बंदोबस्त मात्र धर्मशाळेंत उतरलेल्या वाटसरूस ठाऊक असतो. सोलापुरास ही कसोटी लावण्याचें विशेष कारण असें कीं, हें शहर शतकानुशतकें कोणत्या ना कोणत्या राज्याच्या हद्दीवर वसलेलें होतें.

बहामनी राज्य मोडल्यावर सोलापूरचा किल्ला विजापूर व अहमदनगर यांच्या मध्यें आला, आणि दोन भांडखोर बिऱ्हाडांमधल्या सामाईक भिंतीसारखी त्याची दशा झाली. १५२४ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाचें लग्न इस्माइल आदिलशहाच्या बहिणीशीं झालें, त्या वेळीं हा किल्ला आंदण म्हणून बोलला गेला, पण दिला गेला नाहीं. या न दिलेल्या आंदणापायीं पुढें चाळीस वर्षें लढाया होत राहिल्या. शेवटीं हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी अली आदिलशहास दिली तेव्हां तोच किल्ला उलट दिशेनें आंदणांत गेला, व या सोयरिकीच्या बळावर १५६५ सालीं तालिकोटची लढाई झाली. हा भाग शाळेंतल्या पुस्तकांतहि सांपडतो, म्हणून येथें अधिक लांबवीत नाहीं.

१८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रोनें किल्ला घेतला. राज्य बदललें, परंतु सरहद्द हलली नाहीं. उलट ती अधिक पक्की झाली. पूर्वेस व उत्तरेस निजामाचा मुलूख, ज्यास इकडचे लोक शेवटपर्यंत ‘मोगलाई’च म्हणत, आग्नेयीस अक्कलकोटचें संस्थान, आणि बार्शी तालुका तर मोगलाईनें बहुतेक वेढलेला. एकाचीं गांवें दुसऱ्याच्या मुलखांत अशीं अडकलेलीं होतीं कीं, सरळ वाटेनें चाललेल्या माणसास आपण कोणाच्या अमलांत आहों हें झाडांवरून कळण्याजोगें नव्हतें. तुळजापूर सोलापुराहून चौदा-पंधरा कोस. भवानी ही भोसल्यांची कुलस्वामिनी, अर्ध्या महाराष्ट्राचें कुलदैवत, आणि ती वसली परराज्यांत! दर्शनास जाणाऱ्यास करोडगिरीच्या नाक्यावरून जावें लागे. पलीकडे नाणें वेगळें, कचेरीची भाषा उर्दू, साल फसली. कलदार १०० रुपयांस हाली शिक्क्याचे ११६ रुपये १० आणे ८ पै असा सरकारी भाव होता. परंतु आडगांवीं उतरलेला यात्रेकरू तो कोणास दाखविणार?

आमच्या आजी जिल्ह्याच्या पश्चिमेकडील श्रीपुराहून नवस फेडण्यास तुळजापुरास गेल्या होत्या. देवीकरतां नेलेलें कोरें लुगडें नाक्यावरच्या कारकुनानें उलगडून पाहिलें, आणि तें व्यापाराचें नव्हे हें पटविण्यांत अर्धा दिवस गेला, ही हकीकत त्या अनेकदां सांगत. चोराची भीति वाटली नाहीं काय, असें आम्हीं विचारीत असूं. त्यावर त्या म्हणत, “चोर रात्रीं येतो, बाबा, हा तर दिवसाढवळ्या बाकावर बसला होता.”

तथापि चोराची भीतिहि खोटी नव्हती. जुन्या दक्षिणी गांवगाड्यांत चोरीचा एक न्याय होता. चोराचा माग ज्या गांवच्या शिवेंत जाई, त्या गांवच्या जागल्यानें तो पुढें काढून द्यावा. न दिल्यास चोरीस गेल्याची भरपाई त्या गांवावर पडे. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत गांवजागल्याच्या या जबाबदारीची दखल घेतली आहे. न्याय कठोर खरा, पण त्यामुळें परक्याच्या सुरक्षिततेंत साऱ्या गांवाचा स्वार्थ गुंतलेला असे. हा न्याय एका राज्याच्या पोटांत चाले. सरहद्दीशीं मात्र माग तुटे. पलीकडे गेलेला दरवडेखोर परत मागावयाचा तर कागद हैदराबादेस जाणार, आणि कागदापेक्षां घोडा नेहमींच जलद धांवतो.

येथें एक गोष्ट लक्षांत आणून द्यावीशी वाटते. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा प्रांतहि इंग्रजांच्या हवालीं केला. ठगांवरील कादंबरीनें १८३९ सालीं विलायतेंत गाजलेला मेडोज टेलर त्यावर अधिकारी म्हणून नळदुर्गास येऊन राहिला. रस्ते करणें, जमिनीची व्यवस्था लावणें, हीं कामें त्यानें मनापासून केलीं. म्हणजे सात वर्षेंपर्यंत सोलापूर व नळदुर्ग एकाच अमलाखालीं होते आणि माग तुटण्याचें कारण उरलें नव्हतें. परंतु १८६० त हा प्रांत निजामास परत मिळाला, आणि त्याच वर्षीं सोलापुरास आगगाडी आली. परक्यांचा ओघ वाढला तेव्हांच हद्द पुन्हा उभी राहिली!

राजानें दिलेल्या अभयाचें मोल काय असतें, याचा दाखला याच जिल्ह्यांतील पंढरपुरानें त्यापूर्वींच दिला होता. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले, बाजीरावाबरोबर पंढरपुरास गेले, आणि २० जुलै १८१५ रोजीं देवदर्शन करून परततांना भर वस्तींत मारले गेले. त्र्यंबकजी डेंगळ्यांवर आरोप आला व या प्रकरणाची परिणति पुढें पेशवाईच्या अंतांत झाली, हें सर्वश्रुत आहे.

आगगाडीमागोमाग गिरण्या आल्या. १८७७ त पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले, कानडी मुलखांतून मजूर आले. ज्या शहरांत निम्मे लोक कालचे परके, तेथें आजच्या परक्याकडे कोणी टक लावून पाहत नाहीं. परंतु याच शहरानें सुरक्षिततेकरतां जी एक किंमत दिली, किंवा खरें म्हणजे दुसऱ्यांकडून वसूल केली, ती विसरतां येत नाहीं. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यास लागू झाला व सोलापुरांत तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी, भामटा इत्यादि जमातींचीं कुटुंबें तींत डांबलीं गेलीं. दिवसा गिरणींत काम, ठरल्या वेळीं हजेरी, आणि परवान्याशिवाय बाहेरगांवीं जाणें हाच गुन्हा. पाळण्यांतल्या मुलाच्या कपाळीं चोर हें नांव कायद्यानें लिहिलें. शहरांतील सभ्य मंडळी त्या काळीं निर्धास्त झोंपत असतील. आम्हांस ती झोंप हेवा करण्यासारखी वाटत नाहीं. मुंबई प्रांतांत हा कायदा १९४९ त व देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं संपला. त्या भागास ‘सेटलमेंट’ हें नांव मात्र चिकटून राहिलें आहे.

पोलीस नसतील तर शहराचें काय होतें, हा प्रश्न पुस्तकी वाटतो; सोलापुरानें तो १९३० च्या मे महिन्यांत प्रत्यक्ष अनुभविला. गांधीजींस अटक झाल्यावर शहर खवळलें. ८ मे रोजीं गोळीबार झाला, माणसें पडलीं. जमावानें न्यायकचेरी जाळली व मंगळवार पेठेच्या चौकींतील शिपाई मारले गेले. हें दुसरें कृत्य झांकून पहिल्याचेंच वर्णन करणाऱ्या लेखकांशीं आमचें जमत नाहीं. त्यानंतर पोलीस शहर सोडून गेले. पुढचे तीन-चार दिवस रहदारीची व पेठांची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीं पाहिली. मग १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला व तो जूनअखेरपर्यंत चालला. त्या सात आठवड्यांत डोक्यावर गांधी टोपी घालून स्टेशनवर उतरणाऱ्या पाहुण्यास कोणाचें भय होतें, तें सांगावयास नको. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी दिलें. चौघांच्या नांवांतच सोलापूरच्या वस्तीचा नमुना दिसतो.

सरहद्दीचें शेवटचें प्रकरण १९४७-४८ चें. निजाम हिंदुस्थानांत सामील होईना आणि रझाकारांचा जाच वाढूं लागला, तेव्हां मराठवाड्यांतलीं कुटुंबें गाडींत भांडीं-कुंडीं घालून सोलापूर-बार्शीकडे आलीं. इतके दिवस जी हद्द त्रासाची वाटत होती, तीच ओलांडली कीं जीव वांचे. स्टेट काँग्रेसच्या छावण्या हद्दीच्या अलीकडे उभ्या राहिल्या. जुलै १९४८ त बार्शीच्या वाटेवरील नानज येथें हिंदी सैन्याच्या तुकडीवर हल्ला झाला. आणि १३ सप्टेंबरच्या पहांटे जनरल चौधरींच्या हाताखालील मुख्य फौज सोलापुराहूनच निघाली. नळदुर्गचा बोरी नदीवरील पूल पहिल्याच दिवशीं शाबूत हातीं आला, व पांच दिवसांत सारें संपलें. फौजा व रणगाडे असूनहि या मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ हें नांव पडलें. नंतर मात्र भयाची दिशा उलटली. ज्यांनीं रझाकारांचें कधीं तोंडहि पाहिलें नव्हतें अशा मुसलमान कुटुंबांवर कित्येक गांवीं सूड उगविला गेला. सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें अधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचें नांव घेतलें आहे. सोलापुराकडे आश्रयास आलेलीं बिऱ्हाडें परत जात होतीं, तेव्हां त्याच वाटांवर दुसरीं बिऱ्हाडें उठत होतीं.

१९५६ त उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यांत आला व तुळजापूरची वाट मोकळी झाली. आतां त्या जिल्ह्यास धाराशिव हें जुनें नांवहि मिळालें आहे. परंतु अक्कलकोटच्या पलीकडे दुसरी हद्द उभी राहिली. महाजन आयोगानें १९६७ च्या अहवालांत दक्षिण सोलापूर व अक्कलकोट हे तालुके म्हैसूर राज्यास द्यावे अशी शिफारस केली. ती महाराष्ट्रानें मानली नाहीं व वाद मिटला नाहीं. २०२२ च्या अखेरीस तो पुन्हा पेटला, तेव्हां दोन्ही राज्यांच्या गाड्यांना काळें फासलें गेलें आणि कांहीं फेऱ्या हद्दीशींच थांबल्या. पुढें जानेवारींत संक्रांतीस सिद्धेश्वराची यात्रा भरली. नंदीध्वजांमागून चाललेल्या गर्दींत नेहमींप्रमाणें कानडी बोलणारे पुष्कळ होते.