उत्पत्तीच्या कथांचें नित्यवाचन

पोथी ही एकदां वाचून ठेवून देण्याची वस्तु नव्हे, ती लावावयाची असते, ही गोष्ट आपल्याकडील घराघरांत पूर्वापार ठाऊक आहे. चातुर्मासांत देवळांत पुराण लागलें म्हणजे पुराणिकबुवा रोज नेमका तेवढाच भाग सांगतात. कथा ऐन रंगांत आली असतां दिवेलागणीची वेळ होते, आणि श्रोते ती अर्धी कथा मनांत घोळवीत घरीं परततात. ख्रिस्ती धर्मांतही शास्त्र असें लावून वाचण्याची व प्रत्यहीं त्यावर मनन करण्याची चाल फार जुनी आहे, आणि तींत जुन्या कराराच्या पहिल्या पुस्तकास, म्हणजे ‘उत्पत्ती’स, आरंभापासून मानाचें स्थान आहे. सृष्टीची रचना, आदाम व हव्वा, काइन व हाबेल, नोहाचें तारूं, बाबेलचा बुरूज, अब्राहाम, याकोब, योसेफ या कथा नुसत्या वाचल्या तर दोन बैठकींत संपतात. परंतु त्या रोज थोड्याथोड्या वाचल्या असतां श्रोत्याच्या चालू दिवसाशीं त्यांची गांठ पडते व त्यांतून कांहीं निराळेंच निष्पन्न होतें. हें कसें घडतें तें दाखविण्यासाठीं या वाचनाच्या इतिहासांतील तीन ठिकाणें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों: कैसरिया, अंत्युखिया आणि आपल्या शेजारची गोव्याची साष्टी.

ही चाल मूळची यहुदी लोकांची. त्यांच्या सभास्थानांत मोशेचीं पांच पुस्तकें शब्बाथागणिक भाग पाडून वर्षभर वाचतात, आणि ज्या दिवशीं शेवटचा भाग संपतो त्याच दिवशीं उत्पत्तीचा आरंभ पुन्हां करतात. ख्रिस्ती मंडळीनें हा वारसा आपल्या पंचांगांत बसविला. येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापूर्वी जो चाळीस दिवसांचा उपवासकाल येतो, त्यांत उत्पत्ति वाचण्याचा प्रघात पूर्वेकडील मंडळ्यांत पडला व तो तेथें आजही चालू आहे. ज्या दिवसांत माणसानें आपल्या चुकांचा आढावा घ्यावयाचा, त्या दिवसांत माणसाच्या पहिल्या चुकीची कथा कानीं पडावी, ही योजना सहेतुक आहे हें सांगावयास नकोच.

कप्पदुकिया प्रांतांतील कैसरिया शहराचा बासिल हा इ. स. ३७० त बिशप झाला. अथेन्स येथें त्याचें शिक्षण झालें होतें व ग्रीक विद्येंत तो पारंगत होता. एका उपवासकालांत त्यानें उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायावर नऊ प्रवचनें केलीं. कांहीं दिवशीं सकाळीं एक व सायंकाळीं एक असा क्रम असे. सृष्टीच्या सहा दिवसांवरचीं म्हणून तीं ‘हेक्साएमेरोन’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. विद्वान् वक्त्यानें विद्वानांसाठीं केलेलीं व्याख्यानें म्हणून आपण तीं हातीं घेतों. पण वाचूं लागतांच समोरची सभा निराळीच दिसते. तिसऱ्या प्रवचनांत बासिल म्हणतो कीं, येथें हातावर पोट असलेले पुष्कळ कारागीर उभे आहेत, त्यांचें काम खोळंबूं नये म्हणून आपणांस आटोपतें घेतलें पाहिजे. आठव्या प्रवचनांत तर मोठी मौज आहे. जमिनीवरील प्राण्यांचें वर्णन चाललें असतां तो मध्येंच थबकतो. पक्षी सांगावयाचे राहून गेले होते, आणि कांहीं चौकस श्रोत्यांनीं खुणा करून ती गोष्ट त्याच्या ध्यानांत आणून दिली होती! लगेच तो मागें वळतो आणि पक्ष्यांची कथा सुरू करतो. त्याच प्रवचनाच्या अखेरीस तो असेंही सांगतो कीं, सभा लवकर सोडली तर तुमच्यांतील कांहीं जण येथून फांसे खेळावयास धांवतील.

या लहानसहान गोष्टींचें मोल आम्हांस फार वाटतें. कामावरून आलेले व पुन्हां कामावर जाणारे हे लोक कथेंत इतके गुंतले होते कीं, वक्ता विसरला तरी ते विसरले नाहींत. बासिलही त्यांच्यासाठींच बोलतो. शास्त्रांतील प्रत्येक शब्दांत गूढार्थ काढणाऱ्यांस तो बाजूस सारतो. गवत म्हणजे गवतच व मासा म्हणजे मासाच, असा त्याचा आग्रह आहे. चोंचीनें काड्या व मातीचे कण जमवून घरटें बांधणारी पाकोळी दाखवून गरिबांनीं निराश होऊं नये असें तो सांगतो. म्हाताऱ्या जनकाची शुश्रूषा करणारा करकोचा दाखवून मुलांस बोध करतो. सृष्टीची कथा जगाच्या आरंभाची असली तरी ऐकणाऱ्यास ती आपल्या वळचणीखालीं दिसावी, हें त्याच्या मननाचें धोरण होतें. इ. स. ३७९ च्या आरंभीं तो वारला. पुढें मिलानच्या अँब्रोजनें त्याच्याच आधारें याच सहा दिवसांवर लॅटिन प्रवचनें केलीं.

कैसरियांत कथा रोजच्या कामाशीं जोडली गेली. अंत्युखियांत ती भयाशीं जोडली गेली. इ. स. ३८७ त बादशहा थिओडोसियसनें नवा कर बसविला तेव्हां त्या शहरांत दंगल उसळली आणि जमावानें बादशहाचे, त्याच्या मृत पत्नीचे व मुलांचे पुतळे पाडून फरपटत नेले. राजद्रोहाचा हा सरळ गुन्हा होता. चौकशी व शिक्षा सुरू झाल्या, लोक घरेंदारें टाकून पळूं लागले, आणि सर्व शहराचाच नाश होणार अशी वदंता पसरली. वृद्ध बिशप फ्लेवियन दयेची याचना करण्यासाठीं कॉन्स्टँटिनोपलकडे निघाला. मागें राहिलेल्या लोकांस धीर देण्याचें काम योहान नांवाच्या धर्मगुरूवर पडलें; हाच पुढें क्रिसोस्तोम, म्हणजे सुवर्णमुख, या नांवानें विख्यात झाला. दिवस उपवासकालाचे होते. एके दिवशीं वाचनास आलें तें उत्पत्तीचें पहिलेंच वाक्य. देवानें आकाश व पृथ्वी निर्माण केली, यांत फांसावर चढण्याची वाट पाहणाऱ्यांस समाधान तें कोणतें? हा प्रश्न योहान स्वतःच उपस्थित करतो. त्याचें उत्तर असें कीं, हें सर्व ज्यानें माणसासाठीं केलें तो माणसास वाऱ्यावर सोडणार नाहीं. आणि पुढें आदामाच्या कथेकडे वळून तो एक मार्मिक गोष्ट दाखवितो: आज्ञा मोडल्यावर आदाम लपला, तेव्हां देवानें त्यास लगोलग शिक्षा केली नाहीं, तो कोठें आहे असें विचारीत त्याला हांक मारली. अपराध्यास बोलावयास संधि देणारा हा न्यायाधीश आहे.

शहरांत न्यायासनें मांडलेलीं असतां ज्यांनीं हें ऐकलें असेल, त्यांना आदामाची कथा पुराणकालची वाटली असेल काय? सुदैवानें पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास क्षमेचें फर्मान घेऊन फ्लेवियन परत आला. योहानानें पुढें संपूर्ण उत्पत्तीवर प्रवचनें केलीं. त्यांची एक माला ६७ प्रवचनांची आहे. एका सायंकाळीं तो बोलत असतां दिवे लावणारा मनुष्य आला व सगळ्या माना तिकडे वळल्या. तेव्हां, मी शास्त्राचा दीप लावीत असतां तुम्ही त्या दिव्यांकडे काय पाहतां, असें त्यानें श्रोत्यांस फटकारलें. दुसऱ्या एका प्रवचनांत तो गृहस्थांस सांगतो कीं, घरीं गेल्यावर दोन ताटें मांडा, एक अन्नाचें व एक ऐकलेल्या वचनाचें. बायकोमुलांस तें पुन्हां सांगा. घरोघरच्या नित्यमननाची कल्पना इतकी जुनी आहे.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला व १६१९ त मरण पावला. या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यानें साष्टींत घालविला. तो येण्याच्या बारा वर्षें आधीं, १५६७ त, साष्टींतील देवळें पोर्तुगीजांनीं मोडलीं होतीं. १५८३ त कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांनीं पांच जेझुइटांस ठार मारलें. त्यांचीं प्रेतें मिळवून आणण्याचें काम स्टीफन्सकडे आलें. त्यानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांस असोळण्यास बोलावून मारण्यांत आलें. अशा भूमींत, अशा आठवणी ताज्या असतां, या गृहस्थानें मराठी ओवींत ख्रिस्तपुराण रचलें व तें १६१६ त रायतूर येथें छापलें गेलें.

हा ग्रंथ कां लिहिला याचें कारण ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरूंत दिलें आहे. रविवारीं धर्मशिक्षणाचा वर्ग चालला असतां एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पुढें येऊन विनवितो. धर्मतत्त्वें आपण शिकवितां हें ठीकच. पण आमचीं जुनीं पुराणें बंद केल्यावर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें पुराण कां देत नाहीं, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. आमच्या मतें त्या काळच्या गोव्याचें इतकें खरें दर्शन थोड्या ठिकाणीं घडतें. त्या लोकांचा देव बदलला होता, परंतु सायंकाळ बदलली नव्हती. त्या वेळीं कांहींतरी ओवी कानीं पडावी ही भूक तशीच होती, आणि प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेनें ती भागणारी नव्हती.

स्टीफन्सनें ती भूक ओळखली, हा त्याचा मोठेपणा. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. ३६ अवस्वरूंच्या पहिल्या पुराणांत सृष्टीपासून तारकाच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची जुन्या कराराची कथा, आणि ५९ अवस्वरूंच्या दुसऱ्यांत येशूचें चरित्र आहे. त्यानें मराठीची मुक्तकंठानें स्तुति केली. पण शुद्ध मराठी सामान्य जनांस कळणार नाहीं म्हणून तींत त्यांच्या बोलींतील सोपे शब्दही मिसळले. स्वर्गाला वैकुंठ म्हटलें, सैतानाला देवचार म्हटलें. श्रोत्यांनीं मध्येंच शंका विचाराव्या व पाद्रीनें त्यांचें निरसन करावें, ही पुराणिकाची धाटणीही कायम ठेवली. रविवारीं व सणावारीं मिस्सेनंतर तें देवळांत वाचलें जाई.

येथें एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ज्या सत्तेनें जुनीं पुराणें हिरावून घेतलीं, तिच्याच छायेंत हें नवें पुराण आलें. मग ही देणगी समजावी कीं नुकसानीची भरपाई? कोणी स्टीफन्सच्या भाषाप्रेमाचे गोडवे गाऊन मागची मोडतोड विसरतात. कोणी ती मोडतोड आठवून ग्रंथाला नुसतें धर्मप्रसाराचें साधन ठरवितात. दोन्ही पक्ष अपुरे आहेत असें आम्हांस वाटतें, आणि त्याचें प्रमाण उत्पत्तीच्या कथांतच आहे. काइनानें भावाला मारलें तेव्हां, त्याचा भाऊ कोठें आहे असें देवानें विचारलें व सांडलेलें रक्त जमिनींतून ओरडत आहे असें सांगितलें. ही कथा साष्टींत मराठींत वाचली गेली तेव्हां ऐकणाऱ्यांच्या मनांत कुंकळ्ळीचें रक्त आलें नसेल असें म्हणवत नाहीं, आणि तें रक्त दोन्ही बाजूंचें होतें. कथा सांगणारा ती ज्या हेतूनें सांगतो तेवढ्यावर तिचें काम संपत नाहीं. जिंकणाऱ्याच्या हातून आलेली कथाही जिंकणाऱ्याला त्याच्या भावाविषयीं जाब विचारते.

ग्रंथाचें पुढील दैवही विचार करण्यासारखें आहे. १६४९ व १६५४ त त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ त गोव्याच्या सरकारनें देशी भाषेवर बंदी घालून लोकांनीं तीन वर्षांत पोर्तुगीज बोलूं लागावें असा हुकूम काढला. तरीही ख्रिस्तपुराण जगलें, तें हस्तलिखितांनीं जगविलें. कानडा प्रांतांतील ख्रिस्ती लोकांत त्याच्या प्रती राहिल्या, आणि अशा हस्तलिखितांवरून १९०७ त मंगळूर येथें सालढाणा यांनीं तें रोमन लिपींत छापलें. देवनागरींतील एक हस्तलिखित लंडनमध्यें मार्सडेनच्या संग्रहांत सांपडलें. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ त पुण्यास निघाली. छापलेलें नाहींसें झालें आणि हातानें उतरलेलें राहिलें, याचा अर्थ उघड आहे. रोज लागणारी पोथी माणसें उतरून घेतात.

एकोणिसाव्या शतकांत छापखान्यांमुळें बायबल घराघरांत गेलें व नित्यवाचन एकट्याचें झालें. स्कॉटलंडांतील डंडी येथील तरुण पाद्री रॉबर्ट मॅकचेन यानें १८४२ त आपल्या मंडळीसाठीं वर्षभराच्या वाचनाचें जें वेळापत्रक केलें, त्यांत १ जानेवारीस उत्पत्तीचा पहिला अध्याय येतो. तसलीं वेळापत्रकें अद्याप वापरांत आहेत. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचें जें भाषांतर केलें, तें साध्यासुध्या बायकांना समजावें याच हेतूनें; १९२२ त त्या वारल्या व १९२४ त तें प्रसिद्ध झालें. या सोयीनें लाभ झाला यांत संशय नाहीं. परंतु खुणा करून पक्ष्यांची आठवण देणारा कारागीर व आम्हांला पुराण कां देत नाहीं असें विचारणारा ब्राह्मण, हे दोघेही एकट्याच्या वाचनांत भेटत नाहींत. शिवाय रोज एक अध्याय व रोज एक बोध असा हिशोब सुरू झाला म्हणजे कथेची धार बोथट होते. रानांत मुलाला झुडपाखालीं ठेवून दूर जाऊन बसलेली हागार, किंवा मुलासह तीन दिवस मुकाट्यानें चालणारा अब्राहाम, यांवर झटपट बोध काढूं जाणें म्हणजे ती कथा न ऐकण्यासारखेंच होय.

सारांश, या कथांचें सामर्थ्य त्या रोज वाचल्यानें वाढतें तें त्यांतून रोज उत्तर मिळतें म्हणून नव्हे. त्यांच्या आरंभींच देवानें माणसास विचारलेले दोन प्रश्न आहेत, एक त्याच्या स्वतःविषयीं व दुसरा त्याच्या भावाविषयीं. कैसरियाच्या कारागिरास, अंत्युखियाच्या भयग्रस्तास आणि साष्टीच्या पोरक्या झालेल्या श्रोत्यास ते निरनिराळ्या प्रकारें ऐकूं आले. धर्म कोणताही असो, ज्या घरांत दिवेलागणीला एखादी पोथी अजून उघडते, त्या घरांत ते आजही विचारले जातात.