चार कण, एकच वजन

आकाशाचे फोटो काढायच्या नादाला लागलं की पहिल्याच महिन्यात एक सल्ला मिळतो: "फोटो खरखरीत येतोय? बिनिंग कर." मलाही मिळाला. मेनूत २x२ निवडलं की झालं! पण हा पर्याय तिथे आला कुठून हे शोधायला गेलो आणि थेट १९६९ सालात पोचलो.

त्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. डोक्यात होती मेमरी. सिलिकॉनवर विद्युतभाराची छोटी गाठोडी ठेवायची आणि एका घरातून दुसऱ्या घरात सरकवत न्यायची. (यासाठी नोबेल मिळालं २००९ साली, म्हणजे चाळीस वर्षं थांबून!) १९७६ मध्ये ब्रॅडफर्ड स्मिथ आणि जेम्स जेनेसिक यांनी अ‍ॅरिझोनातल्या ६१ इंची दुर्बिणीला सीसीडी लावून युरेनस टिपला.

खरी गंमत त्या सरकवण्यात आहे. सगळी गाठोडी शेवटी एकाच अ‍ॅम्प्लिफायरपाशी मोजली जातात आणि तो दर मोजणीला थोडा चुकतो. सोनाराचा काटा प्रत्येक वजनाला गुंजभर इकडेतिकडे होतो असं समजा. सोन्याचे चार कण वेगवेगळे तोलले तर चार वेळा चूक, एकत्र तोलले तर एकदाच. सीसीडीत शेजारच्या चार पिक्सेलचा भार मोजण्याआधीच एकत्र ओतता येतो. मोजणीचा नॉइजच मुख्य असेल, तर सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर चौपट सुधारतं. आधी मोजून मग कॉम्प्युटरवर बेरीज केली तर फक्त दुप्पट. दोन्हीकडे बारकावे मात्र निम्मे होतात. अंधुक तेजोमेघाला ते चालतं, शनीच्या कड्यांना नाही.

१९९०च्या दशकात जेपीएलमध्ये एरिक फॉसम यांच्या गटाने सीमॉस सेन्सर पुढे आणला. त्यात अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक पिक्सेलच्या पोटातच. भार सरकतच नाही, मग ओतणार कसा? २०१५ साली सोनीनेही सीसीडी बनवणं थांबवायचं ठरवलं. आज हौशी मंडळींच्या हातात बहुतेक सीमॉसच, आणि त्यातलं 'बिनिंग' म्हणजे बहुधा मोजल्यानंतरची बेरीज. नाव तेच, करामत गेली!

मला त्याचं फारसं दुःख नाही. मोजणीची चूकच आता एक-दोन इलेक्ट्रॉनांवर आली आहे. शहराच्या दिव्यांनी उजळलेल्या आभाळाचा नॉइज त्याहून कितीतरी मोठा, आणि त्याच्यापुढे सीसीडीची युक्तीही दुपटीच्या वर जात नसे. शिवाय एकदा ओतलेला भार परत वेगळा करता येत नसे. मी रात्री १x१ वरच ठेवतो. बेरीज करायची की नाही ते दुसऱ्या दिवशी, फोटो बघून.