पदकाचा आळ : गंगाखेडच्या जनाबाईची कथा आणि संशयाचा इतिहास

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या गंगाखेड येथे जन्मलेली जनाबाई लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या वडिलांच्या, घरी आली आणि दळणकांडण, झाडलोट व पाणी भरणे यांतच तिचे आयुष्य गेले. तिच्यावर आलेल्या चोरीच्या आळाची कथा महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजया’त गुंफली. परंपरेने ती चमत्कारकथा म्हणून जपली असली, तरी माणसाविषयीचे मत पुराव्याच्या आधी कसे ठरते, हे तिच्याइतके नेमके क्वचितच कुठे दिसते.

कथेनुसार विठ्ठल रात्री जनीकडे राहिला आणि पहाटे आपले रत्नपदक व शेला तिथेच विसरून, तिची वाकळ पांघरून राउळात परतला. पुजाऱ्यांपुढे दोन खुणा होत्या : देवाच्या गळ्यात पदक नव्हते आणि अंगावर ठिगळांची वाकळ होती. चोरी करणारा आपली ओळख पटवणारे पांघरूण मागे का ठेवील, हा साधा प्रश्न कोणालाही पडला नाही, कारण संशय दासीवर आधीच गेला होता. म्हणून तिच्या बाजूने बोलू शकणारी वाकळच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरली आणि चंद्रभागेच्या वाळवंटात सूळ उभा राहिला. आधीच्या समजाला पुष्टी देईल तेवढेच पाहण्याच्या या प्रवृत्तीला मानसशास्त्रात ‘पुष्टीकरणाचा पूर्वग्रह’ म्हणतात. सुळाचे पाणी झाले म्हणून जनी वाचली. एकाही पुजाऱ्याने फेरविचार केला म्हणून नव्हे, आणि कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

एका दासीवरचा असा संशय पुढे संपूर्ण जमातींवर कायद्याने लादला गेला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मानेच गुन्हेगार मानले आणि त्यांच्यावर नोंदणी व हजेरीची सक्ती केली. जनाबाईचे परभणी मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५२ साली केंद्राने मूळ कायद्याच्या जागी आलेल्या १९२४ च्या कायद्यासोबत अशा माजी संस्थानांतील तत्सम कायदेही रद्द केले. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने जन्माऐवजी पूर्वीच्या शिक्षा हा निकष धरला. कागदावर हा बदल मोठा होता. परंतु मराठवाड्यात गावात चोरी झाली की झडतीसाठी पावले आधी, जन्माने गुन्हेगार मानल्या गेलेल्या पारध्यांच्या पालाकडे वळण्याची रीत त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली.