बुद्धिमापनाची वाटचाल

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि तोवर वर्गाबाहेर राहिलेली मुले शाळेत आली. त्यांतील काही अभ्यासात फार मागे पडत. त्यांच्यासाठी वेगळ्या शिक्षणाची सोय करायची, तर आधी ती नेमकी ओळखायला हवीत. एकाच मुलाविषयी शिक्षक एक सांगे, तर डॉक्टर दुसरेच. या प्रश्नासाठी १९०४ मध्ये नेमलेल्या सरकारी आयोगावर मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने होते. त्यांनी तेओदोर सिमों यांच्यासह १९०५ मध्ये सोप्यापासून अवघडाकडे जाणाऱ्या ३० प्रश्नांची चाचणी तयार केली.

त्याआधी फ्रान्सिस गाल्टन यांनी दृष्टी, श्रवण, प्रतिक्रियेचा वेग अशा साध्या क्षमता मोजल्या होत्या; पण त्यांचा शालेय प्रगतीशी फारसा संबंध आढळला नाही. बिने यांनी आकलन, स्मरण आणि तारतम्य यांवर भर दिला. चित्रातील वस्तू ओळखणे, ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे, दोन गोष्टींतील फरक सांगणे, असे हे प्रश्न होते. ते प्रत्यक्ष मुलांना विचारून पाहिले गेले. १९०८ च्या आवृत्तीत, ज्या वयाच्या बहुसंख्य मुलांना प्रश्न सुटला, त्या वयाखाली तो नोंदला गेला. यातून 'मानसिक वय' ही कल्पना आली. मात्र बुद्धी जन्मतःच कायमची ठरलेली असते, हे बिने यांना मान्य नव्हते. मागे पडलेल्या मुलाला मदत मिळावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

१९११ मध्ये बिने वारले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचवली. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणले आणि बुद्ध्यंक रूढ झाला. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा असेल, तर त्याचा बुद्ध्यंक ७५.

अमेरिकेत या आकड्याचा दुरुपयोग झाला. पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख सैनिकांची चाचणी घेतली गेली. कित्येक प्रश्न अमेरिकी जीवनाच्या ओळखीवर बेतलेले होते. अमेरिकेत नव्याने आलेल्यांचे गुण साहजिकच कमी भरले. त्यावरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये वंशांची प्रतवारी मांडली. चाचणीतील दोष ओळखून १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले.

चाचणी दुसऱ्या समाजात नेताना केवळ भाषांतर पुरत नाही. प्रश्न तिथल्या मुलांच्या परिचयाचे हवेत आणि प्रमाणके, म्हणजे गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे ती मानके, त्याच मुलांच्या नमुन्यावरून ठरवायला हवीत. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी हे काम केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. 'बिने-कामत चाचणी' पुढे अनेक दशके भारतातील दवाखान्यांत आणि विशेष शाळांत वापरली गेली.

प्रमाणकेही जुनी होतात. अनेक देशांत पिढीगणिक चाचणीतील गुण वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले. म्हणून बुद्ध्यंक वाचताना चाचणी कोणासाठी बनली, प्रमाणके कोणाची आणि केव्हाची, हे आधी पाहावे लागते. त्यांशिवाय नुसत्या आकड्यावरून कोणत्याही मुलाचे भवितव्य ठरवणे अशास्त्रीय आहे.