वूचची सुईण

पोलंडात वूच नावाचे एक गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे कापडाच्या इतक्या गिरण्या उभ्या राहिल्या की त्याला पोलंडचे मँचेस्टर म्हणू लागले. परळ-लालबागच्या गिरण्या चालत असताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना त्या गावाची कल्पना सहज येईल : भोंगा, दाटीची वस्ती, आणि बाळंतपण उरकून पुन्हा साच्यावर उभी राहणारी बाई. (आपल्या मुंबई इलाख्यात तिच्यासाठी प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला तो १९२९ साली. डॉ. आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने १९२८ मध्ये कौन्सिलात बोलले होते.)

या गावी १८९६ साली स्तानिस्वावा लेश्चिन्स्का जन्मल्या. बाप सुतार, आई गिरणीत. नवरा छापखान्यात खिळे जुळवणारा. १९२२ मध्ये वॉर्सा येथे सुईणपणाचे शिक्षण पुरे करून त्या वूचच्या गरीब वस्तीत घरोघर बाळंतपणे करू लागल्या. १९३९ मध्ये जर्मन फौजा आल्या. हे कुटुंब ज्यू लोकांना चोरून मदत करी. फेब्रुवारी १९४३ मध्ये बाईंना मुलांसह पकडले, आणि एप्रिलमध्ये मुलीसह ऑश्वित्झच्या छावणीत पाठवले. हातावर नंबर गोंदला : ४१३३५.

तेथे त्यांनी सुईणीचेच काम मागून घेतले. आपल्याकडे गरिबातल्या गरीब बाळंतिणीलाही शेकशेगडी मिळते. तिथल्या लाकडी बराकीत मधोमध विटांचा एक लांब कट्टा होता, खरे तर शेगडीचे धुराडे. ते वर्षातून चार-दोन वेळाच पेटे. तीच बाळंतिणीची बाज. एक बादली पाणी आणायला वीस मिनिटे लागत. उंदीर, उवा, हगवण. दुपट्यासाठी फडके हवे असेल तर बाईने आधीच आपल्या वाट्याची भाकरी विकून चादर मिळवायची आणि ती फाडून ठेवायची. ज्या बाईचा सारा जन्म कापडाच्या गावात गेला, तिने हे पाहावे!

मे १९४३ पर्यंत जन्मलेले प्रत्येक मूल पिपात बुडवून मारीत. पुढे हुकूम थोडा बदलला. निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची मुले जर्मन करण्यासाठी पळवून नेऊ लागले. ज्यू मातांची मुले मात्र तेव्हाही बुडवलीच जात. बाकीची थंडीने व भुकेने मरत. मुले मारण्यास बाईंनी साफ नकार दिला. नेल्या जाणाऱ्या मुलांच्या अंगावर त्या पहारेकऱ्यांच्या नकळत खूण करून ठेवीत, की पुढेमागे आईला आपले लेकरू ओळखता यावे.

त्यांच्याच अहवालाप्रमाणे तीन हजारांहून अधिक बाळंतपणे त्यांच्या हातून झाली, आणि बाळंतपणात एकही आई वा मूल दगावले नाही. छावणीच्या जर्मन डॉक्टरने हिशेब मागितला, तेव्हा हे ऐकून त्याला खरे वाटेना. छावणीतून जिवंत बाहेर पडलेली मुले मात्र सुमारे तीस.

आम्ही युनियनवाले संपाचा हिशेब पदरात किती पडले यावर करतो. त्या हिशेबाने बाई हरल्या. मला तसे वाटत नाही. सरकारचा हुकूम होता की येथे जन्म ही गोष्टच नाही, नुसती विल्हेवाट आहे. बाईंनी दर वेळी नाळ नीट कापली, मूल पुसून फडक्यात गुंडाळले, आईला धीर दिला. संध्याकाळपर्यंत ते मूल राहील की नाही, हे ठाऊक नसताना. हुकूम तेवढ्यापुरता तीन हजार वेळा मोडला गेला. याला आशा म्हणावे की हट्ट, ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही शब्द चालतील.

जानेवारी १९४५ मध्ये छावणी सुटली. नवरा १९४४ च्या वॉर्सातील उठावात मारला गेला होता. बाई वूचला परतल्या आणि पुन्हा बाळंतपणे करू लागल्या. छावणीविषयी त्या फारसे बोलत नसत. अहवाल छापून आला तो १९६५ साली, एका वैद्यकीय नियतकालिकात. जानेवारी १९७० मध्ये वॉर्सा येथे एका समारंभात छावणीतल्या काही आया त्यांना भेटल्या. बरोबर त्यांची तिथे जन्मलेली मुले होती, पंचविशीची.