लाइसिते : फ्रान्सचा एक शब्द, त्याचं मूळ आणि अर्थ

फ्रान्सच्या शाळेत हिजाबवरून काही घडलं की आपल्याकडच्या बातम्यांत ‘फ्रान्सची धर्मनिरपेक्षता’ असं छापून येतं. मूळ फ्रेंच शब्द आहे ‘लाइसिते’. धर्मनिरपेक्षता हा त्याचा सोयीचा तर्जुमा आहे, नेमका नाही.

हा शब्द मुळात चर्चच्या आतला. ग्रीक भाषेत ‘लाओस’ म्हणजे लोक, अवाम. त्यावरून ‘लाइकोस’, म्हणजे लोकांपैकी एक. चर्चच्या लॅटिनमध्ये तो ‘लाइकुस’ झाला. अर्थ : जो पाद्री नाही असा साधा ख्रिस्ती. म्हणजे लाइकुस बेदीन नव्हता. तो पक्का श्रद्धाळूही असू शकत होता, फक्त धर्मगुरूंच्या वर्गात मोडत नव्हता. इंग्रजीतला ‘लेमन’ (लिंबू नव्हे, सामान्य माणूस) याच घराण्यातला.

19व्या शतकात अर्थ फिरला. फ्रान्समध्ये शाळांवर कॅथलिक चर्चचा मोठा ताबा होता आणि प्रजासत्ताकवाद्यांना तो मोडायचा होता. ‘लाइसिते’ हे नाम 1871 च्या सुमारास छापील फ्रेंचमध्ये दिसतं. 1882 च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळांतून धर्मशिक्षण काढलं. 9 डिसेंबर 1905 च्या कायद्याने चर्च आणि राज्य वेगळे केले. गंमत म्हणजे लाइसितेचा पाया मानल्या जाणाऱ्या या कायद्यात तो शब्दच नाही! पहिलं कलम विवेकस्वातंत्र्याची हमी देतं. दुसरं सांगतं की राज्य कुठल्याही धर्माला मान्यता, पगार वा अनुदान देणार नाही. पुढे 1946 च्या राज्यघटनेत फ्रान्सला ‘लाइक’ प्रजासत्ताक म्हटलं गेलं.

तोवर तटस्थ राहायचं होतं ते राज्याने आणि त्याच्या शिक्षकांनी. 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेने मत दिलं की विद्यार्थ्यांनी धार्मिक चिन्ह घालणं हे आपोआप लाइसितेच्या विरोधात जात नाही. 15 मार्च 2004 च्या कायद्याने मात्र सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आणली. तटस्थतेचं ओझं राज्यावरून मुलामुलींवर आलं, आणि माझ्या मते शब्दाचा खरा अर्थबदल इथे झाला. विद्यापीठांना ही बंदी लागू नाही. शाळांत 2023 पासून अबायाही तिच्यात धरला गेला.

आपल्या उद्देशिकेतला ‘धर्मनिरपेक्ष’ 1976 मध्ये आला तो इंग्रजी ‘सेक्युलर’साठी. त्याचं मूळ लॅटिन ‘सेक्युलुम’ : युग, आणि पुढे ही दुनिया. उर्दू उद्देशिकेत त्या जागी ‘ग़ैर-मज़हबी’ आहे. मुळाला खरं तर ‘दुनियावी’ जास्त जवळचा. तुर्कस्तानने मात्र तर्जुमा केलाच नाही. 1937 मध्ये घटनेत लिहिताना फ्रेंच शब्दच उचलला : ‘लाइक’.